मायनस ७ भागिले २ : बाकी किती?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एवढी पोरंपोरी कोडिंग करतायत हे बघून बरं वाटलं, तर थेट गणितच घालतो. मायनस ७ भागिले २, पूर्णांकात. किती?

मागून मायनस ३ आलं, इकडून मायनस ४ आलं. दोघंही बरोबर आहात, आणि आजचं सगळं बोलणं यावरच आहे.

शाळेत शिकलोय तो नियम आठवा, भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. भागाकार मायनस ३ धरला तर मायनस ६ होतात, मायनस ७ ला पोचायला अजून मायनस १ लागतो, म्हणजे बाकी मायनस १. मायनस ४ धरला तर मायनस ८ होतात, त्यात १ मिळवायचा, म्हणजे बाकी १. दोन्ही जोड्या हिशेबाला चोख. सी, जावा, गो, रस्ट या कोडिंगच्या भाषा पहिली जोडी देतात, म्हणजे दशांशाचा भाग छाटून शून्याकडे सरकायचं. पायथन आणि रुबी दुसरी देतात, कायम खालच्या पूर्णांकाकडे. त्यामुळे बाकीचं चिन्ह पहिल्या पद्धतीत भाज्यासारखं येतं आणि दुसऱ्या पद्धतीत भाजकासारखं. जावास्क्रिप्टमध्ये बाकी काढणारं टक्क्याचं चिन्हही पहिल्या गटातलं.

आता कोण म्हणेल, सर, मायनस आकडे भागतंय कोण? आपल्याच गावातलं घ्या. चादरीच्या जकार्ड मागावर भोकं पाडलेली कार्डं एकमेकांना बांधून माळ केलेली असते, एका कार्डावर आडवा एक धागा पडतो, शेवटचं कार्ड संपलं की परत पहिलं येतं आणि नक्षी पुन्हा सुरू. हल्ली इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं तरी हिशेब तोच. समजा ४८० कार्डं आहेत, नंबर ० ते ४७९, आणि तुम्ही या डिझाईनचं सॉफ्टवेअर लिहिताय. पुढं जाताना काही अडचण नाही, धाग्याचा नंबर घ्या, ४८० ने भागा, बाकी म्हणजे कार्ड. पण धागा चुकीचा पडला, विणकराला उसवायचंय, आपण ३ नंबरच्या कार्डावर आहोत आणि ५ कार्डं मागं जायचंय. ३ वजा ५, मायनस २. पाहिजे ४७८. मायनस २ ला ४८० ने भागून बाकी मागितली, तर पायथन ४७८ देतं. जावा मायनस २ देतं, तो आकडा कार्डांच्या यादीत, म्हणजे अ‍ॅरेत घातला की एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम चूक सांगून थांबतो. सी मध्ये तर अ‍ॅरेच्या आधीची मेमरी वाचली जाईल, काय येईल त्याचा भरवसाच नाही.

इथं बरेच जण घाईत मायनस काढायला अ‍ॅब्स लावतात. प्रोग्राम पडायचा थांबतो, पण कार्ड २ येतं, ४७८ नाही. हे मला जास्त वाईट वाटतं, कारण एक्सेप्शन निदान ओरडून सांगतं, इथं नक्षी गुपचूप बिघडते आणि कापड विणून झाल्यावर कळतं. दुसरा जुगाड म्हणजे बाकी काढा, त्यात ४८० मिळवा, परत ४८० ने भागून बाकी घ्या. हा बरोबर आहे, फक्त भाजक खूप मोठा असला तर मधली बेरीज आकड्याच्या हद्दीबाहेर जाते, म्हणजे ओव्हरफ्लो होते. पण लायब्ररीत तयार फंक्शन आहे ओ! जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ ला, फ्लोअरडिव्ह आणि फ्लोअरमॉड आले, म्हणजे खालच्या पूर्णांकाकडे नेणारा भागाकार आणि त्याची बाकी. रस्टमध्ये २०१९ पासून रेम युक्लिड हे बाकी काढणारं फंक्शन आहे, त्यात भाजक मायनस असला तरी बाकी कधीच मायनस येत नाही. गो च्या मोठ्या आकड्यांच्या लायब्ररीत तर डिव्ह-मॉड ही युक्लिडची जोडी आणि क्वो-रेम ही छाटणारी जोडी, दोन्ही शेजारी ठेवल्यात. जोडीतलं एक इकडचं आणि एक तिकडचं घेऊ नका एवढंच, हिशेब जुळत नाही मग.

सी ची गोष्ट मला फार आवडते. १९८९ च्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे भाषेच्या ठरलेल्या नियमांत, मायनस आकड्याचा भागाकार कुठल्या बाजूला न्यायचा हे कंपायलरवर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर, सोडलं होतं, पण त्याच स्टँडर्डच्या लायब्ररीत डिव्ह नावाचं फंक्शन होतं, भागाकार आणि बाकी एकदम देणारं, आणि तिथं मात्र शून्याकडेच छाटायचं हे पक्कं होतं. म्हणजे दहा वर्षं खात्रीचं उत्तर ऑपरेटरकडं, म्हणजे भागाकाराच्या चिन्हाकडं, नव्हतं, लायब्ररीकडं होतं. १९९९ च्या स्टँडर्डने ऑपरेटरलाही तोच नियम लावला.

तारखांतही हेच होतं. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये वेळ १ जानेवारी १९७० पासून, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, सेकंदात मोजतात, त्याच्या आधीच्या सगळ्या तारखा मायनस, म्हणजे तुमच्या आजी-आजोबांच्या जन्मतारखा मायनसच. मायनस १ सेकंदाला ८६४०० ने, म्हणजे एका दिवसाच्या सेकंदांनी, भागा. छाटणारी भाषा दिवस ० म्हणते, म्हणजे १ जानेवारी, आणि वेळ मायनस १ सेकंद. असली वेळ कुठल्या घड्याळात असते? खाली नेणारी भाषा दिवस मायनस १ आणि उरलेले ८६३९९ सेकंद देते, म्हणजे ३१ डिसेंबर १९६९, रात्री ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंद. आणि ते विषम संख्या ओळखायचं सगळ्यांचं पाठ वाक्य, २ ने भागून बाकी १ आहे का? जावात मायनस ३ दिला की बाकी मायनस १ येते आणि मायनस ३ विषम नाही असं ठरतं. बाकी ० नाही ना, एवढंच विचारा.

त्या ताईंनी मघाशी शून्याने भागायचं विचारलं, तिथं जावा आणि पायथन दोन्ही एक्सेप्शन देतात, ते सोपं आहे. त्यापेक्षा अवघड भागाकार सांगतो. ३२ बिटचा सगळ्यात लहान आकडा, मायनस २१४७४८३६४८, भागिले मायनस १. उत्तर प्लस २१४७४८३६४८, पण ३२ बिटमध्ये प्लसच्या बाजूला जागा २१४७४८३६४७ वर संपते, एकाने कमी पडते. जावा मुकाट्यानं तोच मायनस आकडा परत देतं. रस्ट पॅनिक करतं, म्हणजे चूक सांगून थांबतं. सी मध्ये वागणूक ठरलेलीच नाही, नेहमीच्या इंटेल प्रोसेसरवर लिनक्समध्ये बहुतेक वेळा प्रोग्राम जागीच मरतो, आणि मरताना फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन असं छापतो, जिथं फ्लोटिंग पॉइंटचा काही संबंधच नाही. पायथनमध्ये आकड्याला बिटची हद्द नाही, तिथं उत्तर सरळ येतं. लॅपटॉप आणलेत ना, चला, चारही भाषांत चालवून बघू.