पिशवीवरची गाठ: फॉर्मवर काय लिहिलंय आणि स्लाइडवर काय दिसतंय

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे पेशंट मला सहसा भेटत नाही, मला भेटते ती फॉर्मॅलिनच्या बाटलीतली गाठ आणि सोबतचा फॉर्म. आज जिच्याबद्दल बोलायचंय ती वृषणांच्या पिशवीवरची, म्हणजे वृषणकोशावरची लिओमायोमा, स्नायूची साधी, कॅन्सर नसलेली गाठ, तिच्या फॉर्मवर बहुतेक वेळा ‘सिबेशियस सिस्ट’ (कातडीखालची लगद्याने भरलेली गाठ) लिहिलेलं असतं. सर्जनला दोष देता येत नाही, कारण वरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात.

वृषणकोशाच्या कातडीखाली डार्टोस नावाचा पातळ स्नायू असतो, थंडीत पिशवी आक्रसते, सुरकुत्या पडतात, ते काम त्याचंच. याच स्मूथ मसलमधून, म्हणजे आपोआप आकसणाऱ्या स्नायूतून, क्वचित लिओमायोमा उगवतो. फर्स्टर यांनी 1858 मध्ये असा पहिला पेशंट नोंदवला, पण ऑपरेशनआधी ओळखणं आजही अवघडच आहे. दुखत नाही, सावकाश वाढते, आणि जागा अशी की माणूस लाजेपोटी बायकोलासुद्धा सांगत नाही, वर्षानुवर्षं अंगावर काढतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तपासताना पहिला प्रश्न एकच, गाठ वृषणात आहे की बाहेर? कातडीबरोबर सरकते आणि वृषण वेगळं हाताला लागतं, तर बाहेरची. सोनोग्राफीत हे नक्की होतं. वृषणाच्या आतली घट्ट गाठ असेल तर रस्ताच वेगळा, ती कॅन्सर समजूनच चालायचं, एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्या करायच्या आणि पिशवीला चिरा द्यायचा नाही, जांघेतून जायचं.

बाहेरची गाठ मात्र थोड्या निरोगी कडेसकट पूर्ण काढायची आणि पाठवायची, सिस्ट वाटली म्हणून फेकायची नाही, एवढं मी हात जोडून सांगते. कापली की आत सिस्टसारखा चीजसारखा लगदा निघत नाही, पांढुरकं, घट्ट, भोवऱ्यासारखं मांस दिसतं. स्लाइडवर गुलाबी, लांबट पेशींच्या जुड्या एकमेकींत गुंतलेल्या, केंद्रकं सिगारसारखी, टोकाला बोथट. स्नायूची खूण दाखवणाऱ्या एसएमए आणि डेस्मिन या चाचण्या पॉझिटिव्ह, नसेच्या पेशी दाखवणारी एस-100 निगेटिव्ह, म्हणजे नसेची गाठ नाही.

खरी कसोटी लिओमायोसार्कोमा, म्हणजे याच स्नायूचा कॅन्सर, नाही ना हे बघण्यात. पेशी विभागताना दिसतात का, गाठीची कड आजूबाजूला घुसलीये का, मरून पडलेला भाग आहे का, आकार 5 सेंटिमीटरच्या पुढे गेलाय का, हे सगळं एकत्र बघावं लागतं. कधी केंद्रकं राक्षसी, वेडीवाकडी दिसतात आणि छातीत धस्स होतं, पण अख्खी गाठ शोधूनही विभाजन सापडत नाही, तो ‘बिझार’ लिओमायोमा, तोही साधाच, फक्त नंतर पेशंटला तपासायला बोलवत राहायचं.

आणि अंगावर इतरत्रही अशा बऱ्याच गाठी असतील तर घरात कुणाला किडनीचा कॅन्सर होता का विचारा, एफएच जीनमधल्या बिघाडाने दोन्ही एकाच घरात दिसतात. फॉर्मवर ती एक ओळ असली तर मी स्लाइड त्या नजरेनं बघते.