नाव एकीकडे, जागा दुसरीकडे

(दृश्य: काळा, चौकोनी संगणक. त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी.)

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला हा नेक्स्ट संगणक. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जगातली पहिली वेबसाइट यावरच ठेवली होती. चिठ्ठीवर लाल शाईत बजावलंय: हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका!

होस्टिंग म्हणजे काय, ते या चिठ्ठीतच आलं. सर्व्हर ही काही वेगळ्या जातीची वस्तू नव्हे. मागेल त्याला फाइल देणारा, अहोरात्र जागा असलेला संगणक. त्याला जागं ठेवायचं काम आपण पैसे देऊन दुसऱ्याकडे सोपवतो, इतकंच.

पण तिथवर पोचायचं कसं? संगणक एकमेकांना आयपी अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे आकड्यांवरून ओळखतात. नेटवर्क लहान होतं तेव्हा सगळ्या मशीनची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये मावत. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ती सांभाळली जाई, बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. मशीन वाढत गेली, तशी ही पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा आराखडा मांडला. एकच वही नको, ज्याची नावं त्यानं सांभाळावीत.

बहुतेकांचा घोटाळा होतो तो इथे. डोमेन आणि होस्टिंग एकाच कंपनीकडून, एकाच बिलावर घेतलेलं असतं. मग ते एकच वाटतं. डोमेन हे ठरावीक मुदतीसाठी नोंदवलेलं नाव. होस्टिंग ही भाड्याची जागा. आणि या नावाचा आयपी कोणता, याचं अधिकृत उत्तर देतो तो नेमसर्व्हर.

साइट नव्या सर्व्हरवर हलवली की सांगतात, 'प्रोपगेशनला, म्हणजे नवा पत्ता पसरायला, वेळ लागेल.' शब्द भारदस्त, पण फसवा. नवा पत्ता कुठे पसरत वगैरे नसतो. वाटेतल्या सर्व्हरांनी जुनं उत्तर जपून ठेवलेलं असतं आणि ते किती सेकंद धरून ठेवायचं, हे टीटीएल (टाइम टू लिव्ह) हा आकडा ठरवतो. टीटीएल ८६४०० असेल, तर जुना पत्ता दिवसभर चालू राहू शकतो. म्हणून जाणकार साइट हलवण्याच्या एक-दोन दिवस आधीच तो ३०० वर आणून ठेवतात.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच मशीनवर, एकाच आयपीवर शेकडो साइट राहतात. ब्राउझर विनंतीसोबत साइटचं नाव पाठवतो, त्यावरून सर्व्हर योग्य फाइल काढून देतो. शेजारच्या साइटवर झुंबड उडाली, की आपली रेंगाळते. व्हीपीएसमध्ये (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर) मशीनचे आभासी भाग पाडून मेमरीचा वाटा ठरवून दिलेला असतो. 'अनलिमिटेड' असं लिहिलेलं दिसलं, तर अटींमध्ये आयनोड हा शब्द शोधावा. फाइलींच्या संख्येवरची मर्यादा अनेकदा तिथे दडलेली असते.

आणि ९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे साइट चालू राहण्याची हमी? वर्षाचे तास ८७६०. उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद.

(दृश्य: सर्व्हरच्या रांगा, लुकलुकणारे हिरवे दिवे.)

या खोलीत वीज गेलेली नाही. डिस्क ठीक, फाइली जागच्या जागी. फक्त डोमेनच्या नूतनीकरणाची ईमेल कुणीच न उघडणाऱ्या जुन्या पत्त्यावर गेली आणि मुदत उलटली. मशीन चालूच आहे. विचारायला मात्र कुणी येत नाही.