‘नियम आला!’ म्हणजे नक्की काय आलं? फेडरल रजिस्टरमधली तारीख कशी वाचायची

नमस्कार मंडळी! आज खरं तर कुंडीतल्या मेथीचा व्हिडिओ ठरला होता. मेथी उगवलीय, ती थांबेल. पण गेल्या आठवड्यापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय, “ताई, एच-फोरचा नियम आला म्हणे, आता काय करायचं?” (एच-फोर म्हणजे अमेरिकेत एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या नवऱ्याचा, बायकोचा, मुलांचा व्हिसा.) आणि सोबत तोच तो सरकारी कागदाचा स्क्रीनशॉट. लाल गोल काढलेला, आणि त्या गोलात नेमकी चुकीची ओळ.

आधीच सांगते, मी वकील नाही. तुमच्या केसबद्दल वकिलालाच विचारा. पण वकिलाकडे जाण्याआधी सरकारी कागद आपला आपण वाचता यायला हवा, इतकंच माझं म्हणणं आहे. वकील तासावर पैसे घेतो.

मूळ गोष्टी भराभर उरकते. अमेरिकेत कायदा काँग्रेस, म्हणजे इथली संसद, करते; त्याखालचे बारीक नियम सरकारी खाती करतात. हे नियम छापून येतात फेडरल रजिस्टरमध्ये. म्हणजे केंद्र सरकारचं राजपत्र. १९३६ पासून कामाच्या प्रत्येक दिवशी निघतं, ऑनलाइन फुकट आहे. आत चार प्रकारचा मजकूर असतो: राष्ट्राध्यक्षांचे कागद, पक्के नियम, प्रस्तावित नियम आणि नोटिसा. झालं.

हां, ते सुरू का झालं हा किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्याआधी असं एकत्र राजपत्रच नव्हतं. १९३०च्या दशकात टेक्सासमधल्या तेलवाल्यांविरुद्धचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि तेव्हा कळलं, की ज्या कलमावरून हे सगळं चाललंय ते कलम मधल्या एका दुरुस्तीत चुकून गळून पडलंय! म्हणजे सरकारलाच आपला नियम ठाऊक नव्हता. मग १९३५ साली फेडरल रजिस्टरचा कायदा झाला.

आता मुद्द्यावर. कुठलाही नियम उघडा, वर ठरलेले मथळे दिसतील. एजन्सी, ॲक्शन, समरी, डेट्स. लोक वाचतात फक्त समरी. कारण ती सोपी असते. मी म्हणते समरी शेवटी वाचा. आधी ॲक्शन, मग डेट्स.

ॲक्शनच्या ओळीत ‘प्रपोज्ड रूल’ लिहिलं असेल, तर अजून काहीही बदललेलं नाही. आपल्याकडे विकास आराखड्याचा मसुदा निघतो आणि खाली ‘हरकती व सूचना’ मागवतात ना, तीच ही पायरी. ‘फायनल रूल’ असेल तर पक्का. आणि एक तिसरा प्रकार आहे, ‘इंटरिम फायनल रूल’. अंतरिम अंतिम! माझे एक काका हंगामी म्हणून नोकरीला लागले आणि हंगामी म्हणूनच रिटायर झाले, त्यांची आठवण येते. यात नियम आधी लागू होतो, हरकती नंतर मागवतात. हा दिसला की लगेच बसून वाचा, कारण तुम्हाला वेळ मिळत नाही.

आणि जे रजिस्टरमध्ये छापलेलंच नाही त्याचं काय? एच-फोरवाल्यांची काम करण्याची परवानगी काढून टाकणार, असं २०१७ साली सरकारच्या आगामी कामांच्या यादीत आलं होतं. नुसतं यादीत. प्रस्ताव म्हणून ते कधी छापलंच गेलं नाही, आणि जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतलं. मधली तीन वर्षं आमच्या भिशीत दुसरा विषय नव्हता. एकीनं तर चांगली नोकरी नाकारली, “जाणारच आहे परवानगी” म्हणून. मला आजही तिचं वाईट वाटतं.

[पाण्याचा घोट]

आता माझा लाडका विषय. डेट्स. एका नियमाला तीन तारखा असतात. छापल्याची तारीख. अमलात येण्याची तारीख. आणि तुमच्या अर्जाला लागू होण्याची तारीख. व्हॉट्सॲपवर फिरते ती पहिली. आपल्याला हवी असते तिसरी. आणि ती बहुतेक वेळा मथळ्यात धड नसते, आत कुठेतरी एका वाक्यात असते.

माझे वडील तहसील कचेरीत होते. जीआर हातात आला की ‘वाचा’ सोडायचे, ‘प्रस्तावना’ सोडायचे, थेट ‘शासन निर्णय’वर जायचे आणि पेन्सिलीनं एकच शब्द शोधायचे: ‘दिनांकापासून’. त्याच्या मागेपुढे काय आहे ते बघायचे. कशाचा दिनांक? अर्जाचा? मंजुरीचा? रुजू झाल्याचा? इंग्रजीत तुम्ही शोधायचं ‘ऑन ऑर आफ्टर’. कंट्रोल-एफ दाबा आणि हे तीन शब्द टाका. आणि त्याच्या आधीचं क्रियापद बघा. ‘फाइल्ड’ आहे, ‘रिसीव्ह्ड’ आहे की ‘पोस्टमार्क्ड’ आहे? या एका शब्दावर सगळं ठरतं.

उदाहरण घेऊ. ३० ऑक्टोबर २०२५. इंटरिम फायनल रूल, छापला त्याच दिवशी लागू. ईएडी कार्डाच्या, म्हणजे काम करण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचा अर्ज केला की जुन्या कार्डाला आपोआप ५४० दिवसांपर्यंत मुदतवाढ मिळायची (एच-फोरवाल्यांना आय-९४, म्हणजे देशात राहण्याची मुदत, संपेपर्यंतच, पण मिळायची), ती बंद केली. कमेंटमध्ये हलकल्लोळ: “ताई, माझा अर्ज ऑगस्टमध्ये गेलाय, उद्या कामावर जाऊ की नको?” अगं, वाक्य वाच. ३० ऑक्टोबरला किंवा त्यानंतर दाखल केलेल्या अर्जांना. तुझा ऑगस्टचा. तुझी मुदतवाढ शाबूत आहे. तिनं म्हणे एचआरला आधीच कळवून टाकलं होतं.

दुसरं, उलट बाजूनं. फीवाढीचा नियम. छापला ३१ जानेवारी २०२४ ला, अमलात १ एप्रिल २०२४ पासून. त्यात एच-वनच्या लॉटरीची नोंदणी १० डॉलरवरून थेट २१५. फेब्रुवारीत सगळे ओरडले, “कंपनी आता माझं नाव टाकणार नाही.” पण त्या वर्षीची नोंदणी होती मार्चमध्ये! मार्च एप्रिलच्या आधी येतो. त्यांना १० डॉलरच पडले. २१५ चा फटका बसला पुढच्या वर्षीच्या मार्चला. नियम एकच, पण २०२४ च्या लॉटरीवाल्याला तो लागलाच नाही.

आणि तिसरं उदाहरण मी स्वतः. हसू नका.

याच नियमात माझ्या आय-७६५ ची, म्हणजे ईएडीसाठीच्या अर्जाची, कागदी अर्जाची फी ४१० वरून ५२० डॉलर झाली. मला तारीख माहीत होती. पाठ होती! अर्ज भरला, ४१० चा चेक जोडला, पाकीट बंद केलं, आणि ३१ मार्चच्या संध्याकाळी चालत जाऊन कोपऱ्यावरच्या निळ्या पोस्टाच्या पेटीत टाकलं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, बघ, शेवटच्या दिवशी का होईना, ११० डॉलर वाचवले. ३१ मार्च २०२४. रविवार. त्यातून ईस्टर. पेटी उघडायला येणार कोण? पाकिटावर शिक्का बसला १ एप्रिलचा. आणि सरकारनं आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की फी कुठली लागणार ते पोस्टमार्कवरून ठरेल. मी ‘पाठवलं’ असं वाचलं होतं, त्यांनी ‘पोस्टमार्क’ लिहिलं होतं. काही आठवड्यांनी सगळा गठ्ठा परत, चेकसकट, वर एक कागद: फी चुकीची. दोष कुणाचा? माझाच. एप्रिल फूलच्या दिवशी.

म्हणून मी डोकं खाते तुमचं. छापल्याची, अमलाची, अर्जाची. आणि अर्जाची म्हणजे कुठल्या शिक्क्याची.

एका दादांची कमेंट आहे, “ताई, तुम्ही राष्ट्राध्यक्षांच्या कागदांवर बोलत नाही, घाबरता का?” घाबरत नाही हो. तो प्रकार वेगळा आहे म्हणून सोडला होता. १९ सप्टेंबर २०२५ ची, एच-वनवरच्या एक लाख डॉलरची घोषणा आठवते? ती नियम नव्हती. प्रोक्लमेशन होतं. त्याला हरकती-सूचना नाहीत, महिनाभराची सवड नाही. शुक्रवारी सही, शनिवारची मध्यरात्र उलटताच लागू. माझी शेजारीण सासऱ्यांच्या श्राद्धासाठी पुण्यात होती. शनिवारी तिनं तिप्पट पैसे देऊन परतीचं तिकीट काढलं, आणि त्याच शनिवारी खुलासा आला, की हे नव्या अर्जांना आहे, आधीच्या व्हिसावाल्यांच्या येण्याजाण्याला नाही. यात मी तिला दोष देणार नाही. मूळ मजकूरच इतका मोघम होता की तो वाचून मीही घाबरले असते. कधी कधी कागदच वाईट लिहिलेला असतो.

हरकतींबद्दल एक शेवटचं, कारण दर वेळी कुणीतरी तयार मजकूर पाठवतं, “हे कॉपी करून टाका.” नका टाकू. हे मतदान नाही. खात्याला प्रत्येक महत्त्वाच्या मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं, प्रत्येक माणसाला नाही. पन्नास हजार वेळा तेच वाक्य आलं तरी मुद्दा एकच. तुमच्या घरात काय होणार ते लिहा, आकड्यांसकट. आणि हरकती न मागवणं सरकारलाही महागात पडू शकतं. स्टेम ओपीटीचा (विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना पदवीनंतर मिळणारी कामाची परवानगी) २००८ चा वाढीव मुदतीचा नियम कोर्टानं २०१५ मध्ये रद्द ठरवला, कारण तो लागू करण्याआधी जनतेला विचारलंच नव्हतं. मग खात्यानं रीतसर प्रस्ताव छापला, हरकती घेतल्या, आणि २०१६ मध्ये १७ महिन्यांऐवजी २४ महिने दिले.

[मागे कुकरची शिट्टी]

ही दुसरी. तिसरीला मला उठावं लागेल. तर तो लाल गोलवाला स्क्रीनशॉट. मी अख्खा कागद उघडून बघितला. ॲक्शनची ओळ त्या गोलाच्या बरोब्बर वर आहे, फोटो काढणाऱ्यानं कापलीय. तिथे लिहिलंय ‘प्रपोज्ड रूल’. हरकतींची शेवटची तारीख कागदावर आहे, पान मी खाली जोडते. ज्यांना लिहायचंय त्यांनी आज रात्री लिहा, शेवटच्या रविवारची वाट बघू नका. माझं बघितलंत ना?

आली तिसरी. मेथी पुढच्या वेळी.