आधी पाय बघा, मग अंथरूण

श्रोतेहो, नमस्कार.

ज्याचं जग छोटं, त्याला आपण कूपमंडूक म्हणून हिणवतो. पण त्या बिचाऱ्या बेडकाने विहीर काही स्वतः निवडलेली नसते. घरात पाळलेल्या डार्ट फ्रॉगची विहीर मात्र नक्की कुणीतरी निवडते, आणि ती निवड बहुतेकदा घाईत होते. बेडूक दोन-चार सेंटिमीटरचा, त्याला जागा ती किती लागणार, असं वाटतं.

हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलांतले बेडूक. इंग्रजीत यांना ‘पॉइझन डार्ट फ्रॉग’ म्हणतात; नाव विषारी असलं तरी घाबरू नका. त्यांचं विष जंगलात खाल्लेल्या मुंग्या आणि माइट नावाचे बारीक जीव यांच्यातून येतं. घरातल्या काचेच्या पेटीत जन्मलेल्या, फळमाश्यांवर पोसलेल्या बेडकात ते नसतं.

आता मापाकडे. दर बेडकामागे ३८ लिटर, म्हणजे १० गॅलन, असा एक जुना ठोकताळा आहे. ठोकताळा वाईट नाही, पण लिटर हे पाण्याचं माप. हा बेडूक पोहणारा नाही. त्याला हवी चालायला जमीन, नाहीतर चढायला उंची. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे उलटं, आधी पाय बघायचे.

टिंक्टोरियस ही डार्ट फ्रॉगची जात घ्या. निळाशार अझ्युरियस हा त्याचाच प्रकार. अंगाने भरलेला, जमिनीवर पालापाचोळ्यात हिंडणारा. त्याच्या जोडीला ४५ सेंटिमीटर लांब-रुंद पेटी हा मी किमान आकडा मानतो; जागा असेल तर ६० बाय ४५ घ्या. गर्दी केलीत तर भांडणं ठरलेली. या जातीच्या दोन माद्या एका नरासाठी एकमेकींना अक्षरशः जमिनीवर दाबून धरतात. रक्त निघत नाही, म्हणून पाहणाऱ्याला गंमत वाटते. पण हरलेली मादी कोपऱ्यात बसून राहते, खात नाही आणि हळूहळू खंगते. मोठी पेटी घेतली म्हणजे हे भांडण मिटतं, असंही नाही. त्यापेक्षा एकच जोडी ठेवावी.

रॅनिटोमेया या चिमुकल्या बेडकांची गोष्ट वेगळी. जेमतेम दोन सेंटिमीटरचे हे जीव झाडावर चढतात. नर पाठीवर भैरवमासा, म्हणजे बेडकाचं पिल्लू, घेऊन ब्रोमेलियाड या अननसाच्या कुळातल्या झाडाच्या पानांच्या बगलेत साठलेल्या पाण्यापर्यंत पोचतो. त्यांच्या जोडीला ३० बाय ३० चा तळ पुरतो, उंची मात्र ४५ तरी हवी.

आणि ही उंची पुरी मिळत नाही, बरं का! खाली पाणी निचरायला मातीच्या गोळ्यांचा पाचेक सेंटिमीटरचा थर, त्यावर सहाएक सेंटिमीटर माती. ४५ ची पेटी बेडकाला ३४ चीच उरते. ३० ची घेतलीत तर १९!

लहान पेटीचा खरा धोका मला उष्णतेचा वाटतो. या बेडकांना २१ ते २६ अंश मानवतं, ३० च्या आसपास जिवावर बेततं. दिव्याखाली लहान पेटी चटकन तापते आणि पळायला जागा नसते. ऐसपैस पेटीत एखादा गार, ओला कोपरा सापडतो.

मग सगळ्यांना मोठीच पेटी द्यावी? नुकतीच शेपूट जिरलेल्या पिल्लाला नको. भल्यामोठ्या पेटीत माश्या काचेवर चढून वर जातात आणि पिल्लू खाली उपाशी राहतं. काही महिने त्याला ओलसर पानं घातलेल्या छोट्या डब्यात ठेवा. माश्या संपतात की उरतात, ते रोज बघा. तोवर मोठी पेटी रिकामी ठेवू नका. माती घाला, झाडं लावा. पिल्लू अंगाने भरेपर्यंत तीही मुळं धरतील.