पद्मिनीच्या मापाचा बुश

(दृश्य: हायड्रॉलिक प्रेसखाली सस्पेन्शनचा आर्म. 'ठक्क' असा आवाज.)

सुटला! इतका वेळ प्रेसचा काटा नुसता चढत होता आणि आर्मच्या, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या, मुळाशी बसणारा बुश जागचा हलायला तयार नव्हता. आता तो मिस्त्रींच्या तळहातावर आहे. आत एक लोखंडी नळी, बाहेर दुसरी, मध्ये रबर. रबराला तडे गेलेत, आणि एका बाजूनं ते नळीपासून सुटलंय. आतली नळी बोटानं ढकलली तरी सरकते.

पण त्याच्यासोबत बाहेर काय पडलं ते पाहा. पत्र्याची पट्टी. तिच्यावर पिवळा रंग अजून शाबूत आहे, छापील अक्षरांचे अर्धवट तुकडे दिसतात. कुणीतरी कधीतरी तेलाचा डबा कापला, ही पट्टी बुशभोवती गुंडाळली आणि वरून हातोडा घातला. बाजारातून आणलेला बुश भोकात ढिला होत असणार, दुसरं काय! गाडी त्या दिवशी गॅरेजबाहेर पडली, पैसे मिळाले, विषय संपला.

(दृश्य: स्टँडवर चढवलेली आकाशी पद्मिनी. पुढची चाकं काढलेली.)

गाडी प्रीमियर पद्मिनी. घराणं इटलीचं. फियाटची ११००-१०३ ही गाडी १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचंच सुधारलेलं रूप, ११०० डी, १९६४ पासून कुर्ल्याला 'डिलाइट' नावानं बनू लागलं. कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभारलेल्या कंपनीचा. १९७४ पासून गाडीचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्येच थांबलं. कुर्ल्यातून मात्र तीच गाडी पुढे तीनेक दशकं बाहेर पडत राहिली. कारखाना आता नाही. प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलंय.

इटलीची गाडी म्हणून सगळी मापं मिलिमीटरमध्ये. शेजारी उभी असलेली ॲम्बॅसॅडर मॉरिसच्या घराण्यातली, तिचे बोल्ट इंची. आणि आमचे मिस्त्री बोलतात सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. 'अर्धा सूत कमी पडतोय' असं ते म्हणतात तेव्हा दीड मिलिमीटर कमी पडत असतो. प्रेस-फिट, म्हणजे दाबून घट्ट बसवायच्या बुशाच्या हिशेबात हे म्हणजे हत्ती जाण्याएवढं अंतर आहे.

(दृश्य: आर्म हातात धरून वरखाली हलवताना. आतल्या नळीचा क्लोजअप.)

आता हे नीट बघा. पद्मिनीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आर्म आणि खाली एक. मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. चाक खड्ड्यात गेलं की आर्म वरखाली होतो, आणि त्याच्या मुळाशी बुश. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पकडली जाते. बाहेरची नळी आर्मच्या भोकात घट्ट बसलेली. म्हणजे दोन्ही नळ्या आपापल्या जागी स्थिर, आणि सगळी हालचाल मधल्या रबरात. ओलं फडकं पिळावं तसं ते रबर पिळलं जातं आणि पुन्हा सरळ होतं. इथं काही घासत नाही, काही फिरत नाही. म्हणूनच इथं ग्रीस लागत नाही, तेल तर मुळीच नाही. खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. तरीही गाडी कुरकुरली की पहिल्यांदा कुपीतून तेल सोडणारे हात आपण सगळ्यांनी पाहिलेत.

यातच योग्य मापाची सगळी गोष्ट आहे. बाहेरची नळी भोकात फिरली, की रबर पिळलं जाणं थांबतं आणि लोखंडावर लोखंड घासायला लागतं. आतली नळी जराशी आखूड असली, की बोल्ट कितीही आवळा, तो नळीला पकडतच नाही. चुकीच्या बुशानं टायर एका कडेनं झिजतो आणि ब्रेक दाबला की गाडी खेचते, ते वेगळंच.

(दृश्य: स्पेअर पार्टच्या दुकानाचा काउंटर. पाकिटं.)

ऑपेरा हाउसचा बाजार. कुर्ल्याचा सीएसटी रोड. काउंटरवर पाकिटं पडतात. सगळ्यांवर 'फियाट', आणि एकाही पाकिटावर माप नाही. एकाच नावाचे दोन बुश शेजारी ठेवले तर नळीची लांबी वेगळी, आणि व्हर्नियर लावला तर बाहेरचा व्यासही वेगळा. दुकानदार म्हणतात, "काका, टॅक्सीवाले हेच नेत होते." खरं आहे. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर, कॅरिअरवर बॅगा, दिवसभर खड्डे. मिस्त्रींच्या मते टॅक्सीवाल्याला बुश टिकायला हवा होता, गाडी मऊ चालायला नको होती, म्हणून रबर कडक. रविवारी बाहेर निघणाऱ्या घरच्या गाडीत तोच बुश घातला तर प्रत्येक सांधा दाताला जाणवतो.

मग कंपनीचा जुना माल शोधायचा? मिळाला, पाहा. पाकीट मळकं पण सीलबंद, छपाई मूळची. लोक यासाठी वाटेल ते पैसे मोजतात. पण रबर पाकिटातही म्हातारं होतं. नखानं दाबलं तर खळगा पडत नाही, काठाला बारीक चिरा दिसतात. हा बुश कपाटात शोभेल. गाडीत घालू नये.

आणि हे लाल, जांभळे पॉलियुरेथेनचे. दिसायला झकास! ह्यांची चाल निराळी. रबर पिळलं जातं. ह्यात आतली नळी फिरते, म्हणून ठरावीक ग्रीस लागतं, आणि ते सुकलं की चिवचिव सुरू. कडकपणाही जास्त. कडकपणा मोजतात शोअर ए या मापात. रबराचा बुश त्यात साधारण ५५ ते ७० मध्ये असतो, हे ८० च्या पुढे. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. पन्नाशीला आलेल्या पत्र्याला प्रत्येक हादरा थेट का पोचवायचा? रॅलीत पळवणाऱ्यांनी खुशाल घालावेत.

(दृश्य: बोअर गेज भोकात. डायलचा काटा. वहीत पेन्सिलनं आकडे.)

तर माप. जुना बुश मोजून उपयोग नाही, तो दबून, गंजून, ठोकून आकार बदललेला आहे. मोजायचं भोक. आधी पितळी ब्रशनं गंज काढायचा, मग गेज आत सोडून उभं, आडवं, तिरपं फिरवायचं. काटा हलतोय, दिसतंय? भोक गोल राहिलेलं नाही. पत्र्याच्या त्या पट्टीनं एका बाजूला ते खाल्लंय. दुसऱ्या आर्मचं भोक काळं पडलंय, कारण तिथला रबर कुणीतरी गॅसनं पेटवून काढला होता. ही आपल्याकडची लाडकी पद्धत. धूर होतो, घाण वास येतो, लोखंड तापतं, आणि प्रेसचे पैसे वाचतात.

वहीत पाच मापं जातात. भोकाचा व्यास, भोकाची खोली, बोल्टचा व्यास, ज्या दोन कानांमध्ये बुश बसतो त्यांच्यातलं अंतर, आणि आर्म किती अंशांत हलतो ते. बाहेरची नळी भोकापेक्षा किंचित मोठी हवी, साधारण दशांश मिलिमीटरच्या आतबाहेर. त्याहून मोठी घेतली तर दाबताना चेंबते, लहान घेतली तर पुन्हा तेलाचा डबा शोधा.

(दृश्य: लेथ. सीमलेस पाइपवर टूल चालतंय. इथं निवेदन नको, आवाज राहू द्या.)

टर्नर आधी भोक सरळ करून घेतो. अगदी थोडं, गोल होण्यापुरतं. मग त्या नव्या भोकाप्रमाणे नळी. काठाला हलकी चॅम्फर, म्हणजे तिरकी कड, नाहीतर दाबताना नळी भोकाची भिंत खरवडते. पुन्हा पुन्हा मशीन थांबवून तो मायक्रोमीटर लावतो. घाई नाही. पाकिटातला बुश शंभरात येतो, हा हजारात गेला, असं गाडीचे मालक हसत हसत म्हणाले. पण असे टर्नर आहेत तोवर कुठलीही जुनी गाडी भंगारात घालायचं कारण नाही, हे आमचं मत.

(दृश्य: मोल्डिंगचं वर्कशॉप. कच्च्या रबराची शीट, साचा, वाफ.)

नळ्या इथं येतात. आधी शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छऱ्यांचा मारा, मग तेलाचा अंशही राहू नये म्हणून धुलाई. नंतर हात लावायचा नाही, बोटाचा डाग पडला तर तिथं रबर धरत नाही. ब्रशनं चिकटद्रव्याचे दोन थर, एक प्रायमर, एक वरचा. नळ्या साच्यात उभ्या करून मध्ये कच्चं रबर, वर दाब, आणि दीडशे अंशांच्या आसपास उष्णता. रबरातला गंधक काम करतो. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइअरला जे सापडलं, तेच इथं रोज चाललेलं असतं.

साचा उघडला. गरम बुश बाहेर. पण अजून तयार नाही. थंड होताना रबर आकसतं आणि आतल्या आत ताणलं जातं, अशा ताणलेल्या रबराला लवकर चिरा जातात. म्हणून बाहेरची नळी मुद्दाम जराशी मोठी ठेवलेली असते. आता ती डायमधून दाबून मापाला आणली, की रबर दाबाखाली येतं. टर्नरनं वहीत बाहेरच्या नळीचे दोन व्यास, दाबण्याआधीचा आणि नंतरचा, का लिहिले होते, ते इथं कळतं.

(दृश्य: पुन्हा प्रेस. नवा बुश आत जातो.)

दाब बाहेरच्या नळीवर. रबरावर नाही, आतल्या नळीवर तर नाहीच. त्यासाठी टर्नरनं एक कडं करून दिलंय. सरळ गेला. पट्टी नाही, हातोडा नाही.

(दृश्य: आर्म गाडीला. चाकं लावलेली, गाडी जमिनीवर. मिस्त्री खाली सरकतात.)

आता बघा, बोल्ट अजून ढिले आहेत, आणि ते बरोबर आहे. गाडी हवेत असताना आवळले असते, तर आर्म खाली लोंबकळलेल्या स्थितीत रबर पकडलं गेलं असतं, आणि गाडी जमिनीवर येताच कायमचं पिळलेलं राहिलं असतं. नवे बुश वर्षाच्या आत जातात, त्यातले निम्मे याच पायी, असं मिस्त्रींचं म्हणणं. म्हणून गाडी चार चाकांवर, आत दोन माणसं बसवलेली, दोनदा पुढून दाबून सोडलेली. मग शेवटचा पाना.

(दृश्य: काळीपिवळी पद्मिनी, जुनी दृश्यं. मग रस्त्यावर आकाशी गाडी.)

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी धंद्यातून गेली. टॅक्सीवाल्यांनी पुढे काय केलं, तो वेगळा विषय. बाजारापुरतं सांगायचं तर बुशाचं मोठं गिऱ्हाईक गेलं. आता उरले घरच्या गाड्यावाले. मोल्डिंगवाले पाच-दहा नगांसाठी साचा करत नाहीत, म्हणून मालकांनी चौघापाचजणांना गोळा करून एकत्र ऑर्डर दिली.

पुढचं काम झालं. मागच्या पाट्यांच्या शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कड्यांचे, रबर बाकी आहेत, त्यांचा साचा टाकलाय. नग जादा निघणार आहेत. हवे असतील त्यांनी आधी आपल्या गाडीचं भोक मोजावं आणि मग फोन करावा. 'फियाटचा द्या' एवढं सांगून मिळणार नाहीत.