बीजिंगची दक्षिण, पुण्याची दक्षिण

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फेंगशुईच्या, म्हणजे घराच्या मांडणीच्या चिनी शास्त्राच्या, दिशांप्रमाणे घरातल्या खोल्या कशा लावाव्यात, हा आजचा विषय. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी हसरा बुद्ध असणार. हात वर करायला सांगत नाही, घाबरू नका! त्याच्याबद्दल आज बोलायचं नाहीये. तीन पायांचा बेडूकही बाजूला ठेवू. आणि काचेच्या भांड्यातला तो 'लकी बांबू', तो बांबूच नाही. मध्य आफ्रिकेतलं ड्रसीना जातीचं झुडूप आहे ते. ही सगळी बाजारातली भर. मला बोलायचंय ते दिशांबद्दल, कारण जुन्या चिनी घरबांधणीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि ती इकडे जशी विकली जाते त्याचा तितकाच राग आहे.

बीजिंग आहे साधारण ४० अक्षांशावर. जानेवारीत तिथलं सरासरी तापमान शून्याच्या खाली असतं. मंगोलिया-सायबेरियाकडून कोरडा, बोचरा वारा येतो तो वायव्येकडून. सूर्य डिसेंबरात भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर चढतो, तोही दक्षिणेला. अशा ठिकाणी घर बांधणारा माणूस काय करेल? उत्तरेला पाठ करेल आणि दक्षिणेला तोंड. तिथलं 'सहयुआन' म्हणजे मधे चौक आणि चार बाजूंना घरं, आपल्या चौसोपी वाड्याच्या जवळचा प्रकार. त्यात मुख्य घर चौकाच्या उत्तरेला, तोंड दक्षिणेकडे, आणि तिथे घरातली वडीलधारी माणसं. पूर्व-पश्चिमेच्या सोप्यांत मुलगे-सुना. दक्षिणेकडची खोल्यांची रांग उत्तरेकडे तोंड करून, थंड आणि काळोखी. ती पाहुण्यांना, नोकरांना. दार आग्नेय कोपऱ्यात आणि आत शिरताच आडवी भिंत, म्हणजे वारा आणि रस्त्यावरची नजर थेट चौकात येत नाही. सम्राटाचा राजवाडासुद्धा दक्षिणमुखी. तो १४०६ ते १४२० या काळात बांधला, आणि खंदक खणताना निघालेली माती त्याच्या उत्तरेला टाकून जिंगशान ही टेकडी रचली. पाठीशी डोंगर नव्हता, म्हणून केला! यात मला कुठेही अंधश्रद्धा दिसत नाही. म्हातारी माणसं उबेत राहावीत याची काळजी दिसते.

आता ही काळजी पुण्यात आल्यावर तिचं काय होतं, ते सांगते. नाव-गाव विचारू नका. चौथ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. आजी, मुलगा, सून, दहावीतला नातू. आजी पूर्वेच्या खोलीत झोपायच्या. सल्लागार आले, त्यांनी सगळ्यांची जन्मसालं घेतली आणि अंक काढले. फेंगशुईच्या एका शाखेत हे आहे. जन्मसालावरून माणूस पूर्व गटाचा की पश्चिम गटाचा ते ठरतं. आजी निघाल्या पश्चिम गटाच्या. लगेच त्यांचा पलंग पश्चिमेच्या खोलीत हलला आणि पूर्वेची खोली नातवाला मिळाली.

मला बोलावलं ते मे महिन्यात, स्वयंपाकघराच्या वेगळ्याच कामासाठी. रात्रीचे नऊ वाजले असतील. आजी हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या, झोपायला जायचं नाव घेत नव्हत्या. म्हटलं, का हो आजी? तर म्हणाल्या, "ती भिंत अंगावर येते गं." मी आत जाऊन उशाच्या भिंतीवर हात ठेवला. गरम. सूर्य मावळून दोन तास झाले होते. सहा इंची भिंत, बाहेर छज्जा नाही, दुपारी दोनपासून सातपर्यंत सगळं ऊन तिच्यावर. विटांनी दिवसभर पिऊन घेतलेली ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत आजींच्या डोक्याशी बाहेर पडत होती. एसी लावला तर गुडघे धरतात. सुनेला म्हटलं, अगं, यांना परत पूर्वेला ने. ती बिचारी रडवेली झाली. "ताई, पण दिशा बिघडेल ना? आईंनाच त्रास होईल म्हणाले ते."

बघा हं, सून वाईट नाही, सासूवर तिचा जीव आहे. त्या जिवापोटीच तिनं सासूला भट्टीत झोपवलं होतं. याचा मला आजही संताप येतो.

बरं, दिशा तरी नीट पाहिली होती का? ती पाहिली फोनवर, लोखंडी कपाट आणि आरसीसी कॉलमच्या मधे उभं राहून. मी तोच फोन खोलीच्या मधोमध आणला, काटा तीसएक अंश सरकला. चिनी होकायंत्रावर, लुओपानवर, २४ भाग असतात, एकेक १५ अंशांचा. म्हणजे दोन भाग चुकले! शेन ख्वो नावाच्या चिनी विद्वानानं अकराव्या शतकात लिहून ठेवलंय की सुई नेमकी दक्षिण दाखवत नाही, किंचित पूर्वेला झुकते. इतकी बारीक नजर असलेली परंपरा ही.

त्याच घरात देवघर ईशान्येला होतं. तेही हलवायला सांगितलं, कारण ईशान्य म्हणजे भुतांचं दार. पूर्व आशियात हे खरंच मानतात. जपानमधल्या क्योतोच्या राजवाड्याच्या भिंतीचा ईशान्य कोपरा त्यासाठी आत कापलेला आहे आणि शहराच्या ईशान्येला हिएई डोंगरावरचा एनर्याकुजी मठ त्या बाजूचा राखणदार मानला जातो. आपल्याकडे मात्र ईशान्य सगळ्यात पवित्र, देवाची आणि पाण्याची. आग्नेय तिकडे लाकडाची आणि धनाची, इकडे अग्नीची. त्यामुळे गॅसच्या ओट्याशेजारी धनासाठी कारंजं ठेवलेली घरंही मी पाहिली आहेत. दोन शास्त्रं एका फ्लॅटमध्ये कोंबली की असंच होणार. त्यात अमेरिकेतून आलेला तिसरा प्रकार आहेच, होकायंत्र न बघता दारापासून कोपरे मोजणारा.

संयोजकांची चिठ्ठी आलीय. ठीक आहे, कबूल केलेलं भरभर सांगते.

पुणे साडेअठरा अंशांवर. इथे शून्य सावलीचे, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येण्याचे, दिवस येतात ते मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी. मधल्या काळात भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! डिसेंबरात तो दक्षिणेला, ४८ अंशांवर. म्हणून दक्षिणेची खिडकी इथे उत्तम. दोन फुटांचा छज्जा चार फुटांच्या खिडकीला एप्रिल-मेच्या दुपारी पूर्ण सावली देतो आणि डिसेंबरात खालचा अर्धा भाग उन्हाला मोकळा सोडतो. दक्षिणेचं नाव काढताच गिऱ्हाईक मागे फिरतं, त्यांना हे सांगा.

पश्चिमेला माणसं झोपवू नका. तिथे न्हाणीघर, जिना, अडगळ आणि भिंतीला लागून कपाटं. दुसरा इलाजच नसेल तर बाहेरून सावली करा, आतल्या पडद्यानं भिंत थंड होत नाही. वडीलधाऱ्यांना पूर्वेची खोली. सकाळचं ऊन मिळतं आणि रात्रीपर्यंत भिंत निवते. अभ्यासाला उत्तरेचा उजेड, फक्त जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत येतं, ते ध्यानात ठेवा.

स्वयंपाकघर पूर्वेकडे किंवा आग्नेयेला. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी इथे वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे फोडणीचा धूर घरात न फिरता बाहेर जातो. कोकणात, गोव्यात पाऊसही त्याच बाजूनं झोडपतो, तिथे पश्चिमेची पडवी आधी आणि खोली मागे.

प्रश्नोत्तरांसाठी ज्यांनी नकाशे आणलेत, त्यांनी उत्तरेचा बाण फोनवरून काढू नका. उद्या दुपारी गच्चीत काठी उभी करा. सर्वांत आखूड सावली पडेल ती रेघ दक्षिणोत्तर, मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंतचा काळ सोडला तर टोक उत्तरेला. आणि ज्यांच्या घरी म्हातारं माणूस पश्चिमेच्या खोलीत झोपतं, त्यांनी आधी पुढे या.