गायरीवरचा भोपळा

(दृश्य: परडं, सकाळची वेळ. गायरीवर पसरलेला वेल, वरून.)

मृगाच्या पावसात गायरीवर, म्हणजे परड्यातल्या उकिरड्यावर, चार पानं दिसली. पेरली कोणीच नव्हती. भाद्रपद सरेपर्यंत वेलानं अख्खी गायरी झाकली, न्हाणीचा दगड ओलांडला आणि शेवगा गाठला. आता आश्विन संपत आलाय आणि वेलावर तीन फळं आहेत. दोन जमिनीवर, एक शेवग्याच्या दुबेळक्यात लटकलेलं. मान बारीक, बूड गोल, अंगावर फिकट पट्टे. दुधी म्हणावं तर साल तशी नाही, लाल भोपळा म्हणावं तर आकार तसा नाही.

खरकट्यातून आलेल्या बीचं असंच असतं. बाजारातलं फळ संकरित असेल, तर त्याच्या बीचं रोप आईबापावर जाईलच असं नाही. त्यात भोपळ्याचं परागीभवन मधमाश्यांच्या हाती, शेजारच्या वाडीतला वेलही सोयरा होतो. म्हणून रंग आणि आकार बघून नाव ठेवायची घाई नको.

नावांचा तर घोळच आहे. कोकणातला लाल भोपळा मराठवाड्यात, खानदेशात डांगर होतो. नागपूरकडे त्यालाच कोहळं म्हणतात. गोव्यात दुदी म्हणाल तर हाच हातात येईल. आणि मिरजेच्या तंबोऱ्याला लागणारा भोपळा, जो पंढरपूरच्या बाजूला पिकतो, तो यांच्यातला नव्हेच. तो दुधीच्या घराण्यातला, चवीला कडू. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला, सोळाव्या शतकाआधी आपल्याकडे कोणी पाहिलेला नव्हता. दुधी आणि पेठ्याचा पांढरा कोहळा मात्र इथले जुने रहिवासी.

(दृश्य: उमललेलं फूल, अगदी जवळून.)

पहिली खूण फुलाची. दुधीचं फूल पांढरं, संध्याकाळी उमलणारं. कोहळ्याचं पिवळं, पण पाकळ्या जवळपास बुडापर्यंत सुट्ट्या. हे फूल बघा: केशरी-पिवळं, नरसाळ्यासारखं जोडलेलं, सकाळी उघडलेलं, दहा वाजेपर्यंत मिटायला लागलेलं. म्हणजे भोपळाच. आता कुठला, ते बघायचं.

पानावर शिरांच्या बेचक्यात हे पांढरे डाग दिसतात. पुष्कळ जण याला भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, समजतात आणि गंधक मारतात. काकडीवर्गातल्या वेलांची पानं गंधकानं करपतात, उन्हात तर हमखास. बोट फिरवून बघा. भुरी असेल तर पिठासारखी बोटाला लागते. हे डाग पुसले जात नाहीत, ते पानाचेच आहेत. पान हाताला मऊ लागतंय, काटेरी नाही.

(दृश्य: देठ. कॅमेरा स्थिर.)

आणि हा देठ. सगळं विसरलात तरी चालेल, देठ विसरू नका. भोपळ्याच्या तीन मुख्य जाती इथं वेगळ्या होतात. पहिलीचा देठ गोल, जाडजूड, बुचासारखा भुसभुशीत, नख रुततं. दुसरीचा कडक, धारदार कंगोऱ्यांचा, पण फळाला टेकतो तिथं फारसा न पसरणारा. हिची पानं हाताला टोचतात, आणि झुकिनी हिच्यातलीच. तिसरीचा देठ कडक आणि पंचकोनी, फळाला मिळताना घंटेच्या तोंडासारखा फाकलेला. आपल्या वेलाचा हा तिसरा. शास्त्रीय नाव कुकुरबिटा मोस्काटा. आपले बहुतेक गावठी लाल भोपळे याच जातीचे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का चंदन हे वाण याच जातीचं, अर्का सूर्यमुखी हे वाण मात्र बुचाच्या देठाचं, म्हणजे कुकुरबिटा मॅक्झिमा.

तयार झालाय का ते नखानं कळतं. सालीत नख रुतलं तर अजून कोवळा. नख नुसतं घसरलं, देठ वाळून तपकिरी झाला आणि सालीवर दव बसल्यासारखी पांढरट झाक आली, की तोडायचा. देठ निदान दोन-तीन इंच ठेवूनच. देठ धरून उचलला आणि तो निखळला, तर त्या भोकातून बुरशी शिरते आणि दिवाळीपर्यंतही फळ टिकत नाही. नीट तोडलेलं फळ आठ-दहा दिवस वाऱ्यावर, सावलीत, पावसाच्या थेंबाविना ठेवलं, की माळ्यावर महिनोन्‌महिने राहतं. ओल्या जमिनीवर टेकलेल्या फळाखाली आधीच पेंढा सारलेला बरा.

(दृश्य: विळी. पहिला काप.)

विळीखाली ओलं फडकं घाला, सरकणार नाही. कापताना देठावरून जायचं नाही, देठाच्या बाजूनं. आत गर गडद केशरी, बोटभर जाड. बी मळकट पांढरी, कडेला थोडी गडद, खरबरीत झालर. देठानं जे सांगितलं, त्याला बीनंही दुजोरा दिला.

आता चव. मानेकडचा एक आणि बुडाकडचा एक, तांदळाच्या दाण्याएवढा कच्चा तुकडा जिभेवर ठेवायचा आणि थुंकायचा. गोडसर किंवा बेचव लागला तर पुढं जा. कडू लागला, जरासाही, तर अख्खं फळ खड्ड्यात. शिजवून कडूपणा जात नाही, आणि गुळानं झाकला तर विष पोटात जातं. उलट्या, जुलाब, रक्तस्राव, इथवर मजल जाते. दुधीच्या कडू रसानं झालेल्या विषबाधांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनंही हाच सल्ला दिला: आधी चाखा, कडू असेल तर टाका.

हा गोड निघाला.

मग भाजी की घारगे? ते गर ठरवेल. चार फोडी दहा मिनिटं वाफवून चमच्यानं दाबा. पाणी सुटलं तर भाजी किंवा दह्यातलं भरीत. धागे निघाले तर किसून वापरा. रताळ्यासारखा पिठूळ मोडला, तर घारग्यांशिवाय दुसरं काही करणं म्हणजे त्या फळावर अन्याय.

(दृश्य: कढई, वाफ.)

आपला पिठूळ आहे. दोन वाट्या कीस चमचाभर तुपावर परता. झाकण घालून मऊ करा, मग पाऊण वाटी चिरलेला गूळ. गूळ पडला की सगळं पातळ होतं, घाबरायचं नाही. उघड्या कढईत आटवा, उलथन्यानं ओढलं की तळ क्षणभर दिसला पाहिजे. मीठ चिमूटभर, जायफळ. पूर्ण गार करा. इथंच बहुतेकांचे घारगे बिघडतात: गरम मिश्रणात कणीक घातली की ती चिकटते, मग आणखी कणीक, आणि शेवटी घारगा वातड. गार मिश्रणात मावेल तेवढीच कणीक, साधारण दोन वाट्या, आणि दोन चमचे तांदळाचं पीठ. पाणी अजिबात नाही. गोळा घट्टच हवा, ठेवला की गुळानं तो पुन्हा सैल होतो. केळीच्या पानावर खसखस पेरून पुरीपेक्षा जाड थापा, मध्यम आचेवर तळा. आच मोठी झाली तर गूळ करपतो आणि आत कच्चं राहतं. तेलात घारगा फुटला तर गूळ जास्त झालाय. उरलेल्या गोळ्यात थोडी कणीक मळून घ्या.

भाजीला अर्धा किलो फोडी, साल कोवळी असेल तर सालीसकट. दोन चमचे तेल, मोहरी, आठ-दहा मेथीदाणे, हिंग, सुकी मिरची. मेथी लाल झाली की फोडी टाकायच्या, काळी होऊ द्यायची नाही. वर ताटात पाणी. कढईत पाण्याचा थेंब नाही. शेवटी मीठ, गुळाचा खडा, मूठभर ओलं खोबरं.

नर फुलांची भजी होतात. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो, तिला हात लावू नका.

(दृश्य: सुपातल्या बिया.)

बी धुऊन सावलीत वाळवा, वाकवल्यावर कट्‌कन मोडली की बरणीत राखेत घाला. पण या वेलावर कोणाकोणाचा पराग आला ते मधमाशीलाच ठाऊक. फळाचा गर वेलाच्या वळणावर जातो, पराग बोलतो तो बीमधून, पुढच्या वर्षी. हाच भोपळा पुन्हा हवा असेल, तर उद्या उमलणारी एक नर आणि एक मादी कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधा. सकाळी सहा-सातला सोडा, नराचे केसर मादीला लावा, मादी परत बांधा आणि त्या फळाच्या देठाला चिंधी.

बरणीवर लिहायचं ते एवढं: गायरीवरचा, देठ पंचकोनी, मान बारीक, गर पिठूळ, गोड.